तारखेपुढची मोकळी जागा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. लांबी हातभर, रुंदी त्याहून थोडी कमी, वरचा डावा कोपरा गंजलेला. मेक्सिकोच्या डोंगरातल्या एका खाणीच्या गावात, चर्चच्या डाव्या भिंतीवर मी लटकलो आहे. शेजारी माझ्यासारखे तीनेकशे पत्रे आहेत. प्रत्येकावर एक संकट रंगवलेलं: कुणी खेचरावरून पडतंय, कुणी तापाने फणफणलंय, आणि वर ढगात वधस्तंभावरचा ख्रिस्त. खाली आभाराच्या दोन ओळी. संकट टळलं की असा पत्रा रंगवून इथे आणून लावायचा, ही आमच्याकडची नवस फेडण्याची रीत. माझ्या शेजाऱ्यांचं काम झालेलं आहे. माझं झालेलं नाही, त्याचीच ही हकीकत.

जन्माने मी रॉकेलचा डबा. पाठीवर त्याची अर्धी अक्षरं अजून आहेत. पाठ भिंतीला असल्याने ती कुणाला दिसत नाहीत, हे बरंच आहे. हेर्मिलो रंगाऱ्याने मला कापलं, ठोकून सपाट केलं आणि दुकानात उभं करून ठेवलं. तिथे मी दोन वर्षं कुणाच्या तरी संकटाची वाट पाहत होतो. पत्र्याला घाई नसते.

मग एका मंगळवारी खाण ढासळली. आठ माणसं आत अडकली. तिसऱ्या दिवशी सकाळी ओबदुलिया दुकानात आली. तिचा नवरा फिदेन्सियो त्या आठांत होता.

"काका, पत्रा रंगवून द्या. फिदेन्सियो खाणीतून चालत बाहेर येतोय असा."

"आला का तो?"

"येईल."

"मग आल्यावर ये, पोरी. आधी चमत्कार, मग पत्रा. माझ्या बापाच्या वेळेपासून असंच चालत आलंय."

"विश्वास आहे तर वाट कशाला बघायची? मी आधीच आभार मानलेत, हे दिसू दे ना प्रभूला."

हेर्मिलो भला माणूस होता, आणि भल्या माणसांना नाही म्हणता येत नाही. त्याने खाणीचं काळं तोंड काढलं, हातात दिवा घेऊन येणारा फिदेन्सियो काढला. पाय जरा लांब झाले. पाय त्याला कधीच जमले नाहीत. पण ढगामागचं निळं आभाळ असं उतरलं की लोक दारात थांबून बघत. खाली लिहिलं, 'माझा नवरा फिदेन्सियो याला खाणीतून जिवंत बाहेर काढल्याबद्दल प्रभूचे आभार. ओबदुलिया. तारीख'. पुढची जागा मोकळी सोडली. तो बाहेर येईल तो दिवस तिथे घालायचा होता.

सहाव्या दिवशी पाच माणसं जिवंत बाहेर आली आणि तिघांची प्रेतं. फिदेन्सियो त्या तिघांत होता.

ओबदुलिया मला न्यायला आली तेव्हा हेर्मिलोची मान वर होईना. "मी नाही म्हणायला हवं होतं," तो म्हणाला.

"तुम्ही चांगलं रंगवलंय, काका. चूक तुमची नाही."

चूक कुणाची, ते ती बोलली नाही. घरी जाऊन तिने मला कोंबड्यांच्या खुराड्याच्या मोडक्या खिडकीवर ठोकलं, चित्र आतल्या बाजूला करून. चर्चला जाणं तिने सोडलं. 'माझा विश्वास उडाला,' असं ती गावात उघड सांगे.

तिथे मी नऊ वर्षं काढली. कोंबड्यांना चित्रातलं काही कळत नाही. पण रोज सकाळी ओबदुलिया मक्याचे दाणे घेऊन यायची आणि माझ्यावरच्या ढगाकडे बघून सुरू व्हायची. "खाणीतून वाचवलंस कुणाला, तर त्या दारुड्या आन्सेल्मोला. माझाच माणूस जड झाला होता तुला?" दुसऱ्या दिवशी, "आज दोनच अंडी. आभार मानू का?" मला वाईट वाटायचं. तिच्यासाठी, आणि ढगातल्या त्याच्यासाठीही, कारण तो काहीच बोलत नव्हता.

एकदा हेर्मिलो अंडी घ्यायला आला आणि हे सगळं ऐकत बाहेर उभा राहिला.

"रोज बोलतेस त्याच्याशी?" ती बाहेर आल्यावर त्याने विचारलं.

"बोलत नाही, भांडते."

"नऊ वर्षं?"

"मग? उत्तर कुठे देतोय तो."

"मग विश्वास उडाला म्हणून का सांगत फिरतेस? जो नाहीच, त्याच्याशी कुणी रोज खुराड्यात जाऊन भांडतं का?"

तिने अंडी त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पकडीने माझे खिळे उपटले आणि मला दुकानात नेलं.

"काय पुसू?" हेर्मिलोने विचारलं. "फिदेन्सियोला?"

"त्याला हात लावू नका. त्याचा फोटो तरी कुठाय माझ्याकडे. फक्त अक्षरं पुसा."

नवी अक्षरं तिने सांगितली तशी त्याने लिहिली. 'प्रभू, मागितलं ते तू दिलं नाहीस. का, ते विचारलं. तेही सांगितलं नाहीस. तरी मी आले आहे. ओबदुलिया. तारीख'.

"आजची घालू?"

"नको. तो कारण सांगेल त्या दिवशीची घालू."

चर्चची देखभाल करणारा नाबोर मला भिंतीवर घेईना. "बाई, ज्यांना मिळालं त्यांची ही भिंत आहे."

"ज्यांना नाही मिळालं त्यांची दाखव. तिथे लावते."

नाबोरने चारी भिंतींकडे पाहिलं. मग जाऊन खिळा घेऊन आला.

त्यानंतर एकोणीस वर्षं ती दर रविवारी यायची. शालीच्या टोकाने मला पुसायची, तारखेपुढची जागा बघायची, "अजून नाही," म्हणायची आणि गुडघे टेकायची. त्यात राग नसायचा. नवऱ्याला कामावरून यायला उशीर झाला की बायका चूल न विझवता म्हणतात, तसं ते म्हणणं होतं. मग एका हिवाळ्यात ती यायची थांबली. तिला फिदेन्सियोशेजारी पुरलं. तिला उत्तर मिळालं की नाही, ते मला ठाऊक नाही. मी पत्रा आहे.

हल्ली काही माणसं येतात, माझ्या शेजाऱ्यांकडे बघतही नाहीत. माझ्या त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवतात, थोडा वेळ उभी राहतात आणि जातात. तिथला रंग त्यामुळे झिजला आहे.

मित्रांनो, कधी इकडे आलात तर मला मऊ फडक्याने पुसा. कोपऱ्याला तेलाचं बोट लावलंत तर गंज थांबेल. हवं तर फिदेन्सियोच्या पायांना हसा, सगळेच हसतात. पण तारखेपुढे कुणी काही लिहू नका. ती जागा ज्याच्यासाठी सोडली आहे, त्याची वाट मी अजून बघतो आहे.