आधीच्या शाळेचा नंबर

मुलाखत छान झाली होती. मूल रडत उठलं तर काय करशील, ताप किती चढला की दवाखाना गाठशील, असं क्यांडो बाई विचारत गेल्या आणि मी न अडखळता सांगत गेले. म्बेयातल्या त्या निवासी शाळेला पहिलीच्या मुली सांभाळायला बाई हवी होती. शेवटी त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

"अतुगनिले, आधीच्या हेडमास्तरांचं नाव आणि नंबर लिही. मुलाखतीत सगळ्याच गोड बोलतात. मी मागचं विचारल्याशिवाय कुणाला घेत नाही."

मी पेन हातात घेतलं.

तुकुयूच्या शाळेत मी व्हॅनमधून मुलांना घरी सोडायचे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मी मुलं मोजली नाहीत. पाच वर्षांची तुसेकिले मागच्या सीटवर आडवी होऊन झोपली होती. ड्रायव्हर व्हॅनला कुलूप लावून जेवायला गेला. पाऊण तासाने माझ्या लक्षात आलं. किल्लीची वाट न बघता मी दगडाने काच फोडली. पोर घामाने निथळत होती, पण वाचली. मग मी ती नोकरी सोडली.

कागदावर मी नाव लिहिलं हेडमास्तर म्वाकासेगे सरांचं, आणि नंबर लिहिला माझ्या दिराचा.

घरी अंबाकिस्ये पोट धरून हसला. "वहिनी, घाबरतेस काय? ऐक. 'हॅलो, म्वाकासेगे बोलतोय. अतुगनिले? अहो, सोनं आहे सोनं!'"

"हळू बोल मेल्या. आणि शाळेत मुलं किती, असं विचारलं तर?"

"पाचशे."

"एकशे चाळीस होती."

"मग एकशे चाळीस! तू जेव बघू आधी."

मी ताट बाजूला सारलं. त्याचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून ऐकत बसायचे. कधी त्याचा मित्र असायचा, कधी सिमकार्डवाले. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मात्र वेगळीच भीती मनात शिरली. समजा, खोटं पचलं तर? वीस मुली माझ्या हाती येतील, आणि मी काय केलं होतं ते तिथे एकालाही ठाऊक नसेल.

मी उठले आणि मिनीबस पकडून शाळेत गेले.

"बाई, तो नंबर खोटा आहे," मी दारातूनच म्हटलं. बसले असते तर बोलू शकले नसते. मग तुसेकिलेचं सगळं सांगितलं. खरा नंबर दिला.

क्यांडो बाईंनी तो कागदावर उतरवला. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. मला फक्त त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

"हो... व्हॅनवाली... असं?" त्या ऐकत राहिल्या. "परत घ्याल का तिला?... बरं. आणि पोरीच्या आईला कुणी सांगितलं?... तुम्ही नको म्हणालात तरी?"

 मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "ते म्हणतात, बाई निष्काळजी होती, परत घेणार नाही. ते स्वतः प्रकरण दाबणार होते. तू मात्र त्यांना न जुमानता थेट पोरीच्या आईकडे गेलीस."

"तिचं पोर होतं, बाई."

"आणि मला खोटा नंबर दिलास."

"हो."

त्या उठून खिडकीशी गेल्या. अंगणात मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. मला वाटलं, आता जा म्हणतील.

"मुली तुझ्या हाती आत्ता देणार नाही," त्या म्हणाल्या. "एक सत्र धुलाईखोलीत काम कर. मी बघेन, इतर बायका बघतील. मग ठरवू. कबूल?"

मला रडू फुटलं. मी मान हलवली.

ते सत्र मी चादरी धुतल्या. आमच्याकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी; गार पाण्याने बोटं फुटली. क्यांडो बाई न सांगता यायच्या, दारात उभ्या राहून बघायच्या आणि तशाच निघून जायच्या. पुढच्या सत्राला त्यांनी वीस मुली माझ्या हाती दिल्या. पहिल्या सकाळी पोरी रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या छातीत इतकी धडधड होत होती की मोजताना दोनदा चुकले. तिसऱ्यांदा प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं.