हेतूमहाराजांचे चार शब्द

नागपूरला सक्करदऱ्याच्या मैदानात त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मांडव पडला आणि लोक कामंधामं टाकून तिकडे धावू लागले. महाराज आजार बरे करत नव्हते की गुप्तधनही काढत नव्हते. ते फक्त एका प्रश्नाचं उत्तर देत: देवाने तुला कशासाठी घडवलं? म्हणून लोकांनीच त्यांचं नाव हेतूमहाराज ठेवलं.

शिष्य ताटातल्या चार घड्यांतल्या एकीतून पांढऱ्या कापडाचा कोरा तुकडा उचलून भक्ताच्या हातावर पसरी. महाराज त्यावर हळदीचं तीर्थ शिंपडत. कापड पिवळं होई आणि त्यात लाल अक्षरं उमटत. बायका हात जोडत. पुरुषांच्याही डोळ्यांत पाणी येई.

"आईच्या पोटात तुझा हेतू लिहून ठेवला होता," महाराज म्हणत. "आम्ही फक्त पडदा सारला, बेटा. आम्ही तं पोस्टमन."

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. मांडवात मी दोनदा बसले आणि माझ्या लक्षात आलं, की या पोस्टमनच्या थैलीत शब्द चारच आहेत. मांडवाचा खर्च उचलणारे धान्याचे व्यापारी शालिकराम शेठ, त्यांना 'राज्य'. म्हाताऱ्यांना 'भक्ती'. हमालांना आणि मोलकरणींना 'सेवा'. लग्न झालेल्या बाईला 'सहन'.

आमच्या शेजारच्या गोपिकेला 'सहन' आलं.

गोपिका माझीच जुनी विद्यार्थिनी. सावनेरला दिली होती. त्या वर्षी होळीनंतर ती एकटीच माहेरी आली. हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला होता. नवऱ्याने जळतं लाकूड लावलं होतं. परत जाणार नाही, असं तिने आल्याबरोबर सांगितलं. तिचे वडील रुपराव शिंपीकाम करत. त्यांना काही ठरवता येईना. शेवटी आई, इंदूबाई, तिला मांडवात घेऊन गेली. रांगेत शिष्याने मोठ्या मायेने विचारपूस केली आणि इंदूबाईंनी सगळं सांगून टाकलं. अर्ध्या तासाने कापडावर शब्द उमटला.

त्या संध्याकाळी रुपरावांच्या ओसरीवर याचीच चर्चा. गल्लीतले नानाजी भजनी मंडळात टाळ वाजवत. ते म्हणाले, "माह्या बापानं मले वेगळंच सांगितलं होतं गा. देवाले एकट्याले करमत नव्हतं. बोलाले कोणी पाहिजे म्हणून त्यानं माणूस केला. रडवासाठी कशाले करंन?"

"देवाचं देवाले ठाऊक," रुपराव म्हणाले. "पण लिहून आलं ना डोळ्यासमोर."

सिंधूताई गोपिकेच्या हाताला पट्टी बांधत होत्या. सरकारी दवाखान्यात त्या परिचारिका होत्या आणि इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतून पट्टी बदलायला येत. छप्पन साली दीक्षाभूमीवर आईवडिलांसोबत त्यांनी दीक्षा घेतली होती. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या आज्यालेही सांगितलं होतं, देवानं तुमाले काहून घडवलं ते. दुसऱ्याची मेलेली ढोरं ओढाले. पिढ्यान्‌पिढ्या खरं मानलं आम्ही. मग ते उत्तर बी सोडलं आन्‌ तो प्रश्न बी सोडला. गोपिकेले तिच्या मायनं जन्म दिला. आता तिनं कसं जगाचं, ते तिले ठरवू द्या."

रुपरावांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी गोपिका माझ्याकडे आली. आईच्या लुगड्यावर हळदीचा डाग पडला होता. तो धुताना सोड्याच्या पाण्यात बुचकळला आणि लालभडक झाला. तिने ते लुगडं माझ्यापुढे ठेवलं.

"बाई, हा लाल रंग आन्‌ तो लाल रंग एकच आहे. देव धुण्याचा सोडा वापरते का?"

आम्ही स्वयंपाकघरातच करून पाहिलं. सोडा पाण्यात विरघळवला, काडीने पांढऱ्या कापडावर लिहिलं, उन्हात वाळवलं. अक्षरं दिसेनाशी झाली. हळदीचं पाणी टाकलं, तशी अक्षरं लाल होऊन वर आली. हळद सोड्याला लागली की लाल होते. साबणाने किंवा चुन्यानेही तेच होतं. नागपुरातल्या प्रत्येक बाईने हे धुण्याच्या दगडावर पाहिलेलं आहे. मांडवात मात्र ते कुणालाच आठवलं नाही.

रविवारी मांडव गच्च भरला होता. गोपिका उठून थेट ताटाशी गेली.

"महाराज, लिहिणारा देवच आहे ना? मग कापड मी उचलते."

महाराज हसले. "रांगेनं ये बेटी, देवाच्या दरबारात घाई नसते."

तोवर तिने बायकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या घडीतला तुकडा काढून शालिकराम शेठच्या मांडीवर पसरला आणि तीर्थाची वाटी त्यावर उपडी केली. शेठच्या पांढऱ्या धोतरावर पिवळे ओघळ आले आणि कापडावर उमटलं: सहन.

आधी कुणीतरी फिसकन हसलं. महाराज गडबडले नाहीत. "लीला आहे. शेठजींचा संकटकाळ सुरू होऊन राहिला. पूजा करा लागंन."

"मग हे पाहा," गोपिका म्हणाली. तिने पिशवीतून सोड्याच्या पाण्याची बाटली काढली, आपल्या रुमालावर लोकांसमोर बोटाने लिहिलं आणि वाटीच्या तळाशी उरलेली हळद त्यावर फासली. 'खोटं' हा शब्द लाल झाला. हळद आणि सोड्याचा खेळ मी उभी राहून समजावला. चारपाच बायका पुढे आल्या आणि त्यांनी तो स्वतः करून पाहिला. दुपारपर्यंत महाराज शिष्यांसह पसार झाले होते.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर रुपराव मला म्हणाले, "हळद खोटी असंन, बाई. पण गोष्ट तं खरीच आहे ना? बाईमाणसाले सहनच करा लागते."

"माह्या घरी ठेवते मी तिले," सिंधूताई म्हणाल्या. "दवाखान्यात काम लावून देते."

"इंदोऱ्यात? तुमच्या घरी?" रुपराव एवढंच म्हणाले. जावई घ्यायला आला तेव्हा इंदूबाईंनी मुलीचे पाय धरले. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. गोपिकेने गाठोडं उचललं. नवऱ्याच्या गाडीत बसली आणि गेली.

दिवाळीच्या आधी तिला बैलगाडीतून सावनेरच्या दवाखान्यात आणलं, तिथून नागपूरला. नवऱ्याच्या मारहाणीत डाव्या कानाचा पडदा फाटला होता. सिंधूताईंच्याच वॉर्डात ती महिनाभर होती. सुटी मिळाली त्या दिवशी रुपराव रिक्षा घेऊन फाटकाशी उभे होते.

"चाल वं घरी," ते म्हणाले.

"नाही, बाबा." ती सिंधूताईंबरोबर इंदोऱ्याला चालत गेली. आज ती त्याच दवाखान्यात आया आहे. डाव्या बाजूने हाक मारली तर तिला ऐकू येत नाही. रुपराव मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

हेतूमहाराज पुढे भंडाऱ्याकडे दिसले, असं ऐकलं. दिसले असतील. त्यांची युक्ती मी शाळेत दर वर्षी मुलींना करून दाखवते. पण हळद लाल का होते, एवढं कळून भागत नाही, हे मला गोपिकेने शिकवलं. देवाने माणूस का घडवला, यावर कुणी काहीही मानावं. नानाजींचं उत्तर वेगळं होतं, सिंधूताईंचं वेगळं, आणि त्या दोघांनी कुणाला मार खायला पाठवलं नाही. पण दुसरा कुणी येऊन तुमच्या जन्माचा हेतू सांगू लागला, तर मान डोलवण्याआधी विचारा, की मी हे मानल्याने सोय कुणाची होते. मग तो सांगणारा मांडवातला महाराज असो, नाहीतर ओसरीवर बसलेला आपला बाप.