बटणचा पहिला उन्हाळा

मी एक म्हातारा, चपट्या नाकाचा कुत्रा आहे. माझं नाव बटण. मित्रांनो, तुम्ही पाहिलेल्या कुत्र्यांना लांबट मुस्कट असतं. माझं तोंड मात्र कुणीतरी तळहाताने आत दाबल्यासारखं आहे. कपाळाला सुरकुत्या, डोळे बाहेर आलेले, शेपूट जिलबीसारखं गुंडाळलेलं. झोपलो की घोरतो, धावलो की फुरफुरतो, आणि जरा उकडलं की मला श्वास पुरत नाही. आम्हा कुत्र्यांना तुमच्यासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या आणि अंगातली उष्णता बाहेर घालवायची, एवढाच आमचा उपाय. माझ्या नाकाघशात त्यासाठी पुरेशी जागाच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते या नाकापायी घडलं.

माझा जन्म विलायतेतला. ब्रॅडफर्ड नावाच्या गावात सदा ढग असत आणि लोकरीच्या गिरण्या असत. तशाच एका गिरणीत धर्माजी कामाला होते. ते मूळचे बोईसरकडचे. त्यांची बायको चंद्रकांता तिथल्या दवाखान्यात परिचारिका होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी इतका लहान होतो की धर्माजींनी मला कोटाच्या खिशात घालून घरी आणलं. माझं काळं नाक पाहून ते म्हणाले, "हे तर कोटाचंच बटण!" तेच नाव राहिलं.

आमचे दिवस सुखाचे होते. धर्माजी कामावरून आले की शेगडीजवळच्या खुर्चीत बसत आणि मी त्यांच्या मांडीवर. एका हिवाळ्यात धर्माजी गेले. मग त्या घरात आम्ही दोघंच उरलो.

बोईसरहून चंद्रकांताच्या धाकट्या भावाचे, कमलाकांतचे फोन येऊ लागले. "ताई, तिथे एकटी काय करतेस? आपल्या माणसांत ये." शेवटी तिनेही मनावर घेतलं. शेजारच्या गोऱ्या बाईने सुचवलं, "याला आमच्याकडे ठेवा. तुमच्या देशातलं ऊन याला सोसणार नाही." चंद्रकांता नाही म्हणाली आणि मला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बजावलं, "उन्हाळ्यात अजिबात नेऊ नका, थंडीत न्या. आणि पिंजऱ्याची सवय आत्तापासून लावा."

तिने पिंजरा आणून स्वयंपाकघरात ठेवला. आत धर्माजींचा जुना स्वेटर अंथरला. माझं जेवण आत, खेळणं आत. जायची वेळ आली तोवर तो पिंजरा मला घरासारखाच वाटू लागला होता. १९८६ सालच्या जानेवारीत आम्ही विमानात बसलो. ती वर माणसांत, मी खाली सामानाजवळ. आवाज भयंकर होता. मी स्वेटरमध्ये तोंड खुपसलं आणि झोपून गेलो. मुंबईत सहारच्या विमानतळावर चंद्रकांता पिंजरा शोधत धावत आली, तेव्हा तिला मी दिसायच्या आधी माझं घोरणं ऐकू आलं. ती तिथेच जमिनीवर बसली आणि हसता हसता रडू लागली.

कमलाकांत बोईसरच्या एका कारखान्यात फोरमन होता. चार मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको जमुना प्रेमळ होती. मला दूधभाकरी कुस्करून द्यायची. इमारतीतली मुलं मला पाहायला जिन्यावर रांग लावत. कुणी माकड म्हणे, कुणी डुकराचं पिल्लू. जानेवारीची हवा छान होती. मला वाटलं, सगळे उगाच घाबरवत होते.

त्या घरी अधूनमधून गोदूबाई यायची. ती चंद्रकांताची आत्या, पाम गावाच्या पुढे किनाऱ्यालगत एकटी राहणारी. बोंबील सुकवून विकणं हा तिचा जन्माचा उद्योग. मला पाहताच तिने पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "चंद्रे, ह्याचं तोंड दारात सापडलं काय गो?"

"नाही आत्या. यांची जातच अशी असते."

"एवढ्या लांबून आनायचं, तर जरा बरं बगून तरी आनायचं! माज्याजवळ नको येऊ देऊस. मला कुत्र्याचा वास खपत नाय." सुक्या बोंबलांची पाटी घेऊन फिरणारी गोदूबाई असं म्हणाली. मी मुकाट्याने पलंगाखाली गेलो.

होळी झाली आणि ऊन तापलं. वरचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि संध्याकाळी ती धग घरात सोडायचा. वीज गेली की पंखा बंद. मी गार फरशी शोधत खोलीभर फिरायचो, पण फरशीही कोमट. चंद्रकांता माझ्या अंगावर ओला टॉवेल टाकायची, तो वाळला की पुन्हा भिजवायची. ती धड जेवेनाशी झाली. एकदा जमुनाला म्हणाली, "याला इथे आणून मी चूक केली. पाऊस लागला की याला घेऊन परत जाईन म्हणते."

"वन्सं, कुत्र्यासाठी एवढ्या लांब परत? आणि तिथे आहे कोण तुमचं?"

चंद्रकांताने टॉवेल पुन्हा भिजवायला घेतला. दारात कमलाकांत उभा होता. त्याने ते ऐकलं होतं. तो तसाच मागे फिरला.

मे महिन्यात त्याच्या मुलाचं, चंद्रभानचं लग्न पालघरला होतं. कमलाकांतने बहिणीसाठी मोतिया रंगाची रेशमी साडी आणली होती. "ताई, अक्षता पडताना तू माझ्या शेजारी उभी राहायचीस. विधवा म्हणून मागे बसलीस तर मला चालणार नाही. कोण काय म्हणेल ते म्हणू दे." असं बोलून दाखवणारा भाऊ तो. तिने डोळे पुसून होकार दिला.

लग्नाच्या सकाळी वीज गेली. बंद घरात मला ठेवणं शक्यच नव्हतं. वऱ्हाडाची बस पुढे गेली आणि मागून भाड्याच्या जीपमध्ये चंद्रकांता, गोदूबाई आणि मी. गोदूबाई नवी कोरी नऊवारी नेसून अगदी पलीकडच्या कोपऱ्याला बसली होती, माझे केस लागू नयेत म्हणून.

उमरोळीच्या अलीकडे जीप फसफसली आणि थांबली. इंजिनावरच्या झाकणातून वाफ निघत होती. रामकिसन ड्रायव्हरने उतरून पाहिलं. "रेडिएटर सूख गया, मॅडम. पानी चाहिए."

रस्त्यावर सावली नव्हती. जीपचा पत्रा तव्यासारखा तापला होता. माझी जीभ बाहेर आली ती आत जाईना. घशातून घर्र घर्र असा आवाज येऊ लागला. आधी मला चंद्रकांताचा चेहरा दिसत होता, मग त्याच्या भोवती पांढरं पांढरं झालं. पाय माझे राहिले नाहीत. तिने मला उचललं आणि ती धावतच सुटली. रेशमी साडीचा घोळ मातीतून ओढत ती शेताच्या बांधावरच्या चिंचेखाली पोचली.

"पाणी! आत्या, कुठूनतरी पाणी बघा!"

बांधावरून एक वारली बाई येत होती. डोक्यावर एकावर एक हंडे. ठकी तिचं नाव. मेच्या दिवसांत तिथल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, ते पाणी तिने किती लांबून आणलं असेल ते तिलाच ठाऊक. रामकिसन रिकामा डबा घेऊन तिच्याकडे धावला. "बाई, थोडा पानी दे दो. गाडी में डालना है."

तेवढ्यात गोदूबाई मध्ये उभी राहिली. "गाडी मरत नाय! आदी कुत्र्याला!" मग ठकीकडे वळून तिचा आवाज एकदम खाली आला. "बाये, मुका जीव चाललाय गो. तुजं पानी मी परत भरून देते."

ठकीने माझ्याकडे पाहिलं. "घ्या, वता," म्हणाली, आणि वरचा हंडा उतरवला.

गोदूबाई माझ्या तोंडात पाणी ओतू लागली, तसा चंद्रकांताने तिचा हात धरला. "तोंडात नको, आत्या! ठसका लागेल. पोटावर ओता, काखेत, पंजांवर. भाऊ, तुम्ही वारा घाला." रामकिसनने जीपमधली रबराची चटई काढली आणि दोन्ही हातांनी वारा घालू लागला. चंद्रकांता चिखलात मांडी घालून बसली होती, मी तिच्या मांडीवर. तिची बोटं माझी जीभ पुढे ओढून धरत होती. ती एकसारखं म्हणत होती, "बटण, श्वास घे. घे रे राजा. अजून एक." मला तो आवाज फार लांबून ऐकू येत होता. मी त्या आवाजाच्या मागे मागे चाललो होतो एवढंच मला आठवतं.

मग पोटाला गार लागलं. घर्र घर्र थोडी कमी झाली. मी डोळे उघडले तेव्हा गोदूबाईचं तोंड माझ्या तोंडाला जवळजवळ लागलं होतं. "बगतोय गो, चंद्रे! बगतोय!" ती ओरडली. मी तिचं नाक चाटलं. तिने ते पुसलंसुद्धा नाही.

पालघरला तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

गोदूबाईने कासोटा खोचला, रिकामा हंडा उचलला आणि ठकीबरोबर विहिरीकडे चालू लागली. दोघी परतल्या तेव्हा समोरून एक स्कूटर धुरळा उडवत आली. चालवणारा कुणी वऱ्हाडी, मागे कमलाकांत, डोक्यावर गुलाबी फेटा तसाच. त्याने जीप पाहिली, मग झाडाखाली आम्हाला पाहिलं.

"मला वाटलं, गाडी उलटली," तो म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "सगळा मांडव विचारत होता, बहीण कुठे, बहीण कुठे! माझ्या शेजारची जागा मी कुणाला दिली नाही. ताई, एका कुत्र्यासाठी?"

"कमलाकांत, मला यायचं होतं रे."

"मग?"

चंद्रकांताने माझ्या डोक्यावरचा हात काढला नाही. "हे गेले तेव्हा मी कुठे होते, ठाऊक आहे तुला? दवाखान्यात. परक्या माणसांच्या उशाशी. घरी आले तर हे खुर्चीत होते आणि हा त्यांच्या मांडीवर. कधीपासून बसला होता कोण जाणे. अंग गार झालं तरी खाली उतरला नव्हता. त्या वेळी यांच्याजवळ आपलं म्हणावं असं हाच एकटा होता. आज याला सोडून मी कशी येऊ?"

कमलाकांत खाली बसला. त्याने फेटा उतरवला, सोडला, ठकीच्या हंड्यात त्याचं टोक भिजवलं आणि माझ्या पाठीवर पांघरलं. गुलाबी रंग माझ्या अंगावर उतरला, तो पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

"परत जाऊ नकोस, ताई," तो हळूच म्हणाला.

गोदूबाई पदराने घाम पुसत होती. "जायचं कशाला? कमळ्या, तुजं घर चांगलं हाय, पन तुज्या डोक्यावर तवा हाय. माज्याकडं कौलं हायत. खाली शेनानं सारवलेली जमीन, समोर दर्या. दुपार झाली की वारा येतोच. चंद्रे, ह्याला घेऊन माज्याकडं चल."

"पण आत्या, तुम्हाला कुत्र्याचा वास..."

"मी काय बोलले ते मला म्हाईत हाय. बोंबलाला तोंड लावलं तर मात्र हाकलून देईन!"

रामकिसनने रेडिएटर भरला आणि ऊन उतरल्यावर आम्ही मांडवात पोचलो. चिखलाने माखलेल्या साडीतल्या चंद्रकांताच्या पाया पडायला नवरानवरी उठून दारापर्यंत आली. आशीर्वाद देताना ती हसत होती. बोईसरला आल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर पालघरच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला तपासलं. "असं तोंड मी प्रथमच पाहतो आहे," ते म्हणाले, "पण जीव वाचला तो तुमच्यामुळे. भर उन्हात बाहेर काढू नका, आणि वजन वाढू देऊ नका." पहिली गोष्ट आम्ही पाळली. दुसरी गोदूबाईमुळे जड गेली, कारण बोंबलाला तोंड लावायची मला गरजच पडली नाही. तीच चोरून भरवायची.

गोदूबाईच्या घरी माझं आयुष्य नव्याने सुरू झालं. सूर्य वर येण्याआधी वाळूवर एक फेरी. मग दिवसभर ओटीच्या आतल्या बाजूला, दारात ओलं गोणपाट टांगलेलं, त्यातून येणारा गार वारा. गळ्यातला पट्टा चंद्रकांताने काढून टाकला आणि छातीभोवती बांधायचा मऊ पट्टा स्वतः शिवला, म्हणजे गळा मोकळा. हळूहळू गावातल्या बाया तिच्याकडे येऊ लागल्या. कुणाच्या हाताला माशाचा काटा लागलेला, कुणाचं मूल तापलेलं. ती जखमा धुवायची, पट्ट्या बांधायची, गरज असेल त्याला बोईसरच्या डॉक्टरकडे पाठवायची. पाऊस आला आणि गेला. विलायतेचं नाव तिने काढलं नाही.

मग दुसरा मे आला. चंद्रकांता पुन्हा घाबरली. रोज दुपारी ती माझ्या शेजारी चटईवर पडायची, हात माझ्या बरगड्यांवर ठेवून. मी डुलकी काढायचो, ती जागीच असायची. अशीच एक दुपार होती. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं, आत गोणपाटातून पाणी ठिबकत होतं. दर्यावरून वारा आला. बरगड्यांवरचा हात हलका झाला, मग सैल पडून घसरला. मी मान वळवून पाहिलं. चंद्रकांता गाढ झोपली होती, आणि चक्क माझ्यासारखी घोरत होती. गोदूबाई दारातून डोकावली, ओठांवर बोट ठेवून मला म्हणाली, "उटू नको हां," आणि पाऊल न वाजवता मागे फिरली. मी उठलो नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. मुस्कट पांढरं झालं आहे. मित्रांनो, कधी एखादं जनावर घरी आणावंसं वाटलं, तर त्याचं रूप पाहून भुलू नका. आधी त्याला श्वास कसा घेता येतो ते पाहा, मग आपल्या घराचं छप्पर पाहा. आणि आणलंत, तर वैशाखातल्या दुपारी एकदा त्याच्याजवळ जाऊन बसा. आम्हाला सांगता येत नाही. आम्ही फक्त तुमच्याकडे बघतो.