मी बिघडलो नव्हतो

थांबा, कपाट लावू नका. खालच्या फळीवरून मी बोलतोय, चुंबकमापक. नाव भारदस्त असलं तरी रूप बेताचंच: एक आडवी दांडी, तिला दोन उभ्या नळ्या आणि मध्ये एक डबा. नवा रस्ता व्हायचा असला की आधी मला त्या जमिनीवरून फिरवतात. खाली जुन्या चुली, भट्ट्या गाडलेल्या असतील तर न खणताच मला त्यांचा सुगावा लागतो. एकदा भाजलेली माती आपलं चुंबकत्व शेकडो वर्षं सोडत नाही. तेवढं मी ओळखतो.

बांधावर माणसं जमली की पहिला प्रश्न ठरलेला: "सोनं सापडतं का हो?" सोन्यापुढे मी ठार आंधळा आहे. हे कळलं की निम्मी गर्दी घरी जाते.

कारखान्यातून मी थेट पुरातत्त्व खात्यातल्या ताईच्या हातात आलो. ताईचं काम म्हणजे मला घेऊन दोरीच्या रेषेत सारख्या चालीने चालत राहणं. अंगावर लोखंडाचा कणही चालायचा नाही. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, सगळं जीपमध्ये. माझ्या नोंदींवरून संगणकावर जमिनीखालचं चित्र उमटतं; एकदा त्यात नुसत्या रेघाच रेघा आल्या. तिने तारा तपासल्या, मला चार शब्द सुनावले. शेवटी तिच्याच बाहीच्या दुमडीत पिन निघाली. "चुकलं बाबा माझं," म्हणून तिने माझी नळी पुसली. तेव्हापासून आमचं जमलं.

मग ते नदीपलीकडचं गाव आलं. गावाला रस्ताच नव्हता. दवाखान्यातल्या नर्सबाई पहिल्याच दिवशी शेतात येऊन उभ्या राहिल्या.

"वाईट वाटून घेऊ नका," त्या ताईला म्हणाल्या, "पण तुमच्या यंत्राला इथे काही सापडू नये. पावसात आम्ही बाळंतिणींना खाटेवर घालून चिखलातून नेतो."

ताई मला उचलून चालू लागली.

आणि मला सापडलं. भाजल्या मातीची वर्तुळं, दोन ओळींत, मधून गल्ली. कुंभारांची अख्खी वस्ती, आणि नेमकी रस्त्याच्या वाटेत!

रस्त्याच्या इंजिनिअरने चित्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, आता काम अडणार. यंत्र बिघडलं होतं म्हणा ना. कोण विचारणार आहे?"

माझ्यावर असा आळ आजवर कुणी घेतला नव्हता. पण मला तोंड कुठे होतं? ताई रात्री जेवली नाही. सकाळी तिने मला पुन्हा त्याच शेतात नेलं. माझं खोटं ठरावं असं तिलाही वाटत होतं, हे तिच्या जड पावलांवरून मला कळत होतं. वर्तुळं तिथेच होती.

"यंत्र ठीक आहे," ती इंजिनिअरला म्हणाली. "मला हा उन्हाळा द्या. खणून, नोंदवून जमीन तुमच्या ताब्यात देते."

नर्सबाईंचा संताप झाला. "तुम्हाला मेलेल्यांची काळजी. जिवंतांची कुणी करायची?"

"रस्ता मलाही हवाय, बाई. पण हे एकदा खरवडून टाकलं की परत बघायला मिळणार नाही."

खणताना एक भट्टी न उघडलेलीच निघाली. आत मडकी एकावर एक रचलेली, अखंड. आग लावली होती, भांडी भाजली होती, पण ती काढायला कुणी परतलंच नव्हतं. बघायला सारं गाव लोटलं. नर्सबाईही आल्या, एक मडकं दोन्ही हातांनी धरून बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि ते ठेवून निघून गेल्या.

शब्द दिल्याप्रमाणे ताईने जमीन सोडली. पण पाऊस लवकर आला. एका बाईला खाटेवरूनच न्यावं लागलं. ती वाचली, बाळ वाचलं नाही. नर्सबाईंनी फोन करून ताईला एवढंच सांगितलं. दोष दिला नाही.

"उन्हाळ्यात सुरुवात झाली असती तरी त्या पावसापर्यंत रस्ता पुरा झाला नसता," इंजिनिअर म्हणाला. ताईला ते पटलं, पण तेवढ्याने मन शांत झालं नाही. त्यानंतर ती एकाच गोष्टीच्या मागे लागली. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून, साहेबांशी भांडून तिने म्हणणं लावून धरलं: नकाशावर रस्त्याची रेघ ओढण्याआधी आम्हाला बोलवा, कुठे अडचण आहे ते आधीच सांगतो. म्हणजे कुणाला वाट बघत बसावं लागणार नाही. पुढच्या दोन गावांत तसंच झालं. रेघ जराशी वळली आणि काम एक दिवसही अडलं नाही.

माझी एक नळी आता बहिरी झाली आहे. चाकांच्या गाडीवर बसलेले नवे भाऊबंद माझ्या दसपट जमीन फिरतात. माझी तक्रार नाही. तुमच्यापैकी कुणाच्या हाती कधी नकाशा आणि पेन्सिल आली, तर एवढंच ऐका: रेघ ओढण्याआधी त्या जमिनीवरून कुणाला तरी सावकाश चालू द्या. आणि ते काय सांगतं ते ऐकताना, पलीकडे वाट बघणाऱ्या गावालाही विसरू नका.