सिनेमाचे पाहुणे

हेमराजच्या ‘बांधीतली वहिनी’ या धानाच्या शेतातल्या वहिनीच्या सिनेमानं झाडीपट्टीत नुसता धुमाकूळ घातला होता. आरमोरीपासून अहेरीपर्यंत जिथं पडदा लागेल तिथं जत्रा. बल्लारपूरच्या टाकीजमध्ये बाया डबे घेऊन यायच्या आणि पहिला खेळ संपला की दुसऱ्यासाठी तिथंच ठाण मांडायच्या. आणि मुंबईच्या पुरस्कारांची नामांकनं जाहीर झाली, तर आपल्या पठ्ठ्याचं नाव औषधालासुद्धा नाही! कथेत नाही, गाण्यात नाही, अहो, वेशभूषेतही नाही. ज्यांची नावं आली त्यातला एक सिनेमा तर काढणाऱ्याच्या बायकोनंही पाहिला नसेल. असो, आपण कशाला बोला.

हेमराज मात्र पार खचला. नागपूरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याला त्यानं कॅमेरा विकायचं कबूल करून टाकलं. तो माणूस उद्या न्यायला येणार होता. त्याआधी गुणाबाईचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड परत करायचा राहिला होता. सगळं शूटिंग त्या म्हातारीच्या घरी झालं होतं, आणि तिचाच गुंड पोस्टरवर वहिनीच्या कमरेवर होता. पण तिच्याकडे जायची त्याला चोरी झाली होती. सिनेमाला मान मिळू दे, गावाला रोडग्यांचं जेवण घालीन, असा नवस तिनं मारोतीला बोलला होता.

भर दुपारी तो गावात शिरला आणि पाहतो तर काय, देवळापुढं गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजताहेत, गंजात वांग्याची भाजी रटरटतेय. हेमराजला वाटलं, म्हातारीला कुणीतरी खोटंच सांगितलं असणार. आता एवढ्या माणसांत तिचं हसू होणार, तेही आपल्यापायी. त्यानं तिला बाजूला घेतलं आणि मान खाली घालून सांगितलं, "बाई, आपलं नाव नाई आलं."

तिला ठाऊक होतं. नातीनं, पिंकीनं, फोनवर वाचून दाखवलं होतं.

"मंग हे काऊन?"

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. गावात नाटक लागलं की घरोघरी पाहुणे बोलावतात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. सिनेमाला मात्र आजवर कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. हेमराजचा पडदा लागला तेव्हा गावात एक घर पाहुण्यांवाचून नव्हतं, आणि हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं.

"नाटकाचा मान देल्ला गावानं तुह्या सिनेमाले," गुणाबाई म्हणाली. "माही लेक चंचल वावराच्या वाटणीवरून रुसली होती. कितीक वर्सं उंबरठा नाई चढली. तुह्या सिनेमाच्या निमतानं आली. मारोतीनं त्याचं केलं, मी माहं करून राह्यली."

हेमराजला रडू आवरेना. आपल्या हातून एवढं झालं, याचं त्याला अप्रूप वाटलं, आणि नामांकनं जाहीर झाल्यापासून पहिल्यांदाच कुणाचे तरी उपकार मानावेसे वाटले. तो पंगतीत बसला. वाढायला चंचलच होती. रोडग्यावर तूप सोडता सोडता तिनं हळूच विचारलं, पुढचा सिनेमा कधी, सासूला आत्तापासून सांगून ठेवावं लागतं.

तेवढ्यात नागपूरवाल्याचा फोन आला. हेमराजनं डाव्या हातानं उचलला.

"कॅमेरा नाई देत, भाऊ. आमच्याकडे पाहुणे यायचे आहेत."

गुंडही त्यानं परत केला नाही. पुढच्या सिनेमाला लागेल म्हणून गुणाबाईनंच तो गाडीला बांधून दिला.