सोफेवाल्याने शिवलेली टाइट्स

दुकानातली सर्वांत मोठी टाइट्स तिच्या गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच अडून बसली. "यापुढचं माप येत नाही हो," विक्रेती म्हणाली, जणू चूक पायांचीच होती. शनिवारी नाचाच्या क्लासचा कार्यक्रम होता आणि काळी टाइट्स सक्तीची होती.

घरी नणंदबाई मुक्कामाला होत्याच. "वहिनी, या वयात हे खूळ कशाला? त्यापेक्षा सोडूनच द्या," त्यांनी मायेने सुचवलं. त्यांची माया नेहमी अशीच ऊतू जायची. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप रडली. नाचाचा क्लास ही लग्नानंतर फक्त स्वतःच्या हौसेने केलेली पहिलीच गोष्ट होती.

"मी शिवतो," नवरा म्हणाला. नवरा सोफ्यांची कव्हरं शिवायचा. त्याच्या कव्हरांवर पोरांनी उड्या मारल्या तरी टाका उसवत नसे, आणि हे तो जेवताना रोज सांगत असे. त्याने ताणलं जाणारं कापड आणलं, टेप घेऊन बायकोभोवती एक फेरी मारली आणि तीन माणसांच्या सोफ्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. मग अंगाबरोबर कापड कापून, सोफ्याच्याच दणकट दोऱ्याने सरळ टाक्याची दुहेरी शिलाई मारली. "हत्तीने घातली तरी फाटायची नाही," तो म्हणाला. बायकोने ते कौतुक गिळलं.

टाइट्स चढली. आरशात दिसलीही बरी. मग ती नाचातल्यासारखी खाली बसली. कापड ताणलं गेलं, दोरा काही ताणला जाईना. मागच्या शिवणीने टर्रकन राजीनामा दिला.

नणंदबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. "दादाच्या सोफ्यांचं बरं असतं. त्यांना खाली बसावं लागत नाही."

नवरा हसला नाही. त्याने उसवलेली शिवण ओढून बघितली. "खरंच की," तो म्हणाला. "सोफा हलतो कुठे?"

या वेळी त्याने फाटकी टाइट्स बाजूला ठेवली, बायकोचं जुनं शिलाई मशीन काढलं, कापडाबरोबर ताणला जाणारा नागमोडी टाका लावून नवी टाइट्स शिवली आणि प्रत्येक शिवण ओढून ओढून पाहिली. मग बायकोला खाली बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. "आता हो म्हणा, मी दमले," ती म्हणाली.

शनिवारी ती नाचली. खाली बसली, उठली, गिरकी घेतली. शिवण जागची हलली नाही.

रविवारी नणंदबाई बैठकीत नव्या लोडाला टेकून बसल्या. "अभ्रा किती मऊ शिवलायस रे दादा. कुठलं कापड हे?"

"नीट बघा वन्सं," वहिनी म्हणाली. "त्याला आधी पाय होते."

मग नवऱ्याकडे वळून तिने सांगितलं, "आणखी दोन शिवा. उद्यापासून पुन्हा क्लास आहे."