तिवरांपलीकडची जागा

नळ खोकला. धाकट्या मंजुळेला थोपटता थोपटता मी तशीच उठले आणि कळशी लावली. आधी नुसता वारा, मग दोन थेंब गढूळ पाणी, पुन्हा सगळं शांत. अठ्ठ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात आमची कोपरीतली आख्खी आळी दुपारभर अशीच नळाकडे कान लावून असे.

तेवढ्यात नगरसेवकाचा माणूस महिपत दारात आला.

"वहिनी, तुमचं अक्षर चांगलंय. पाठिंब्याचं एक पत्र लिहून द्या ना. पालिका रोखे काढतेय. लोकांकडून पैसे घेणार, त्यातून टाकी, पाइप आणि एक बाग. सभेत विरोध आहे, पण बायकांच्या सह्या दिसल्या की ठराव पास."

"पालिकाच उसनं मागते म्हणजे आपल्यातलीच झाली की रे!" शेजारच्या गोदूबाई ओट्यावरून हसल्या. "करते सही. पण पाणी सकाळचं पाहिजे हां. दुपारी मला झोप लागते."

पाण्याबद्दल काय लिहायचं ते मला सांगावं लागलं नाही. चार वर्षांपूर्वी माझी पहिली मुलगी, जनी, अशाच पाण्याने गेली. आठ महिन्यांची होती. दोन दिवसांच्या जुलाबांत संपलं सगळं. पत्राच्या शेवटी महिपतने सांगितला तो बागेच्या जागेचा सर्व्हे नंबर लिहिला, घरोघर फिरले, त्रेसष्ट सह्या आणल्या.

ठराव पास झाला. घरी पेढे आले.

महिन्याने वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर नकाशा लागला. मंजुळेला कडेवर घेऊन बघायला गेले. पाइपाची निळी रेघ थेट आमच्या आळीपर्यंत आली होती. तिच्यावरून बोट फिरवत गेले, तर पुढे बागेचा हिरवा चौकोन. तिवरांपलीकडे, खाडीच्या बांधाला लागून.

तान्हं मूल गेलं की आमच्यात तिथे पुरतात. बायका तिकडे जात नाहीत, आई तर नाहीच नाही. जनीला ह्यांनी टॉवेलात गुंडाळून नेलं आणि तासाभराने रिकाम्या हातांनी परत आले. नेमकं कुठे, ते मी विचारलं नव्हतं. आणि आता ती जागा माझ्याच अक्षरात देऊन झाली होती.

"महिपतभाऊजी, बाग दुसरीकडे करा."

त्याने चप्पल जमिनीवर घासली. "मला नंतर कळलं, वहिनी. शप्पथ. पण ठराव एकच आहे. बागेवर हरकत आली की सगळाच परत सभेत जाणार, पाणीपण लटकणार. हरकतीला तीस दिवस आहेत. तुम्ही लिहा, मी स्वतः नेऊन देतो."

मंजुळा झोपली की मी कागद घेऊन बसायचे. 'माझी हरकत आहे' याच्या पुढे काही सुचायचं नाही. एकदा सासूबाई मासळी विकून आल्या, टोपली उतरवली आणि कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण महिपत काय म्हणाला ते मी घरी सांगितलं होतं.

"पोर गेली ती पान्यापायी," त्या म्हणाल्या. "आता पानीच नको बोलतेस?"

"पण आई, ती तिथं आहे."

"माजी पन दोन हायेत तिथं."

आणि त्या पाय धुवायला गेल्या. लोट्यात पाणी अर्धंच होतं.

तीस दिवस गेले. कागद मी दिला नाही.

पुढच्या वर्षी पाणी आलं. सकाळचं, स्वच्छ. हंडा भरून वाहायला लागला तरी मी नळ बंद केला नाही. "अगं, घरात खाडी आणतेस का!" गोदूबाई ओरडल्या, तेव्हा भानावर आले.

बाग उघडली तरी मी दोन महिने तिकडे फिरकले नाही. शेवटी मंजुळेने हट्टच धरला. निघताना ह्यांना पहिल्यांदा विचारलं, कुठे?

"आता नाही सांगता येणार," ते म्हणाले. "बांधाची खूण होती. बांध पाडला त्यांनी."

फाटकातून आत गेल्यावर लक्षात आलं, चपला माझ्या हातात होत्या. माझं बघून मंजुळेनेही काढल्या. एका कोपऱ्यात घसरगुंडी, झोके, आणि बाकी सगळीकडे हिरवळ. रखवालदार शिट्टी वाजवून दोन मुलांना हिरवळीवरून उठवत होता. मंजुळा कडेलाच थबकली. एक पाय उचललेला, तसाच अधांतरी.

"आई, इथं पाय दिला तर कोणाला लागतं गं?"